हॉलसाठी नवा टीव्ही: ५० इंची की ५५? (चोपडा तालुका, बजेट ४५ हजार)

तापीकाठ
राम राम मंडई. गावाकडच्या घरात टीव्ही घ्यायचा आहे. सगळी माहिती एकदमच देतो.

हॉल १२ बाय १४ फूट. दिवाणापासून टीव्हीची भिंत ९ फुटांवर, दोन्ही अंगांना खुर्च्या. ओट्याकडचं दार दिवसभर उघडं असतं आणि उजेड थेट टीव्हीच्या भिंतीवर येतो. सध्या केबलचा साधा बॉक्स आहे, एचडी नाही. फायबर इंटरनेट आहे. संध्याकाळी मालिका, बातम्या, क्रिकेट, सिनेमे रात्री. लाईट जाते-येते, इन्व्हर्टर आहे. उन्हाळ्यात खिडकीला कूलर. भिंत विटांची, प्लास्टर केलेली.

५० घ्यावा की ५५? एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी यातलं काय? आणि स्टॅबिलायझर लागतो का?

गिरणाकाठ
आधी इंचांचं बघू. पडद्याची उंची धरा, कर्ण नको. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण २७ इंच उंच असतो, ५० चा साडेचोवीस, ४३ चा २१. साध्या केबलचं चित्र उंचीच्या सहापट अंतरावरून नीट दिसतं, फुल एचडी तिप्पट अंतरावरून, आणि ४केचा बारीकपणा दिसायला दीडपटच्या आत बसावं लागतं.

म्हणजे ५५ इंचीवर साध्या केबलसाठी साडेतेरा फूट लागतात, एचडीसाठी पावणेसात-सात, ४केसाठी साडेतीन फुटांच्या आत. तुम्ही ९ फुटांवर आहात. तिथून एचडी अगदी छान दिसेल, एचडी आणि ४के यातला फरक डोळ्याला जवळजवळ कळणार नाही, आणि साधी केबल मात्र पुसट दिसेल.

साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. एका ठिपक्यातून टीव्हीला वीस बनवावे लागतात. नव्या टीव्हीबद्दल पहिल्या आठवड्यात जी नाराजी ऐकू येते, 'जुन्यापेक्षा पुसट दिसतो', ती बहुतेक इथूनच येते. टीव्हीचा त्यात दोष नसतो.

तेव्हा केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या आणि रोज बघता ती चॅनल एचडीत घ्या. बॉक्स एचडीएमआयनेच जोडा. लाल-पांढरी-पिवळी वायर लावली तर एचडी बॉक्सचंही चित्र साधंच येतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी करा, पुष्कळदा ते ५७६ वरच ठेवलेलं असतं. हे करणार असाल तर ५५ घ्या. साधी केबलच चालू ठेवणार असाल तर ५० च्या पुढे जाऊ नका, खरं तर ४३ बरा.

अनेर
गिरणाकाठ दादांचा हिशेब बरोबर आहे. त्यातूनच पुढची गोष्ट निघते: या अंतरावर ठिपके मोजून पैसे देण्यात अर्थ नाही. ४३ इंचांपासून वर बहुतेक टीव्ही ४केच येतात, त्यामुळे ते आपोआप मिळतंच. पैसे उजेडासाठी आणि काळ्या रंगासाठी द्या.

क्यूएलईडी म्हणजे साध्या एलईडी टीव्हीसारखाच एलसीडी पॅनल. मागच्या दिव्यांवर क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग जास्त भरीव दिसतात. काळा रंग किंवा उजेड त्याने आपोआप सुधारत नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून रात्री चित्र सर्वांत सुंदर. पण तुमच्या बजेटबाहेर आहे. शिवाय बातम्यांच्या चॅनलची खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग पडण्याचा धोका असतो. दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात मी ओएलईडी सुचवत नाही.

मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक आणि गटागटाने कमी-जास्त होणारे असतात. ५५ इंचीत बजेटमध्ये बसला तर तोच घ्या. मात्र 'लोकल डिमिंग'चे झोन, म्हणजे वेगवेगळे मंद होणारे दिव्यांचे गट, किती ते विचारा. आकडा सांगत नसतील तर त्या शब्दावर जास्त पैसे मोजू नका.

उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त ४के टीव्ही २५०-३०० निट्सचे असतात. त्यांच्या खोक्यावरही एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) आणि त्याचाच प्रकार डॉल्बी व्हिजन लिहिलेलं असतं, पण तो सिग्नल समजणं वेगळं आणि तेवढा उजेड पाडणं वेगळं. उघड्या दारासमोर ३०० निट्स कमी पडतील. ४५०-५०० च्या पुढचा बघा.

लळिंग
एलसीडी पॅनलचे दोन प्रकार असतात, व्हीए आणि आयपीएस. त्यातला कोणता, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, ३००० ते ५००० ला १, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. व्हीएवर रात्रीचा प्रसंग काळा दिसतो, आयपीएसवर राखाडी. पण व्हीए बाजूने बघितला की रंग उडतात. तापीकाठ भाऊंकडे बाजूच्या खुर्च्या आहेत, म्हणून माझं मत आयपीएस.

अनेर
इथे मी सहमत नाही, लळिंग भाऊ. बाजूच्या खुर्च्या ९ फुटांवरच असतील तर कोन ३०-३५ अंशांच्या पुढे जात नाही. तेवढ्याला व्हीए चालतो आणि रात्रीचे सिनेमे सुधारतात. खुर्च्या अगदी भिंतीलगत, टीव्हीच्या जवळ असतील तर मात्र तुमचंच बरोबर.

दुकानात खात्री अशी करा: अंधारात माणसाचा चेहरा असलेला प्रसंग लावायला सांगा, तो थांबवा आणि समोरून चालत बाजूला जा. ज्या जागी चेहरा फिका पडायला लागेल तो तुमचा कोन. घरातल्या सर्वांत बाजूच्या खुर्चीचा कोन त्याच्या आत असला की झालं. एकाच मॉडेलमध्ये आकारानुसार पॅनल बदलतो. ५० इंचीत व्हीए आणि ५५ मध्ये आयपीएस असंही असतं. म्हणून घ्यायचा आहे तोच आकार बघा.

लळिंग
ताई, हे मान्य. कोन मोजूनच ठरवावं.

दुकानाबद्दल आणखी. जळगावात नवी पेठ-गोलाणी मार्केटकडे किंवा धुळ्यात आग्रा रोडला टीव्ही रांगेत लावलेले असतात आणि सगळे 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर. जो जास्त निळा आणि भडक तो चांगला वाटतो. रिमोट मागा, दोन्ही टीव्ही 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर आणा, मग तुलना करा. पेनड्राइव्हवर स्वतः दोन गोष्टी न्या: एक पूर्ण राखाडी चित्र आणि एक क्रिकेटची क्लिप. राखाडी चित्रावर कोपऱ्यांतले पांढरे डाग आणि मधले मळकट पट्टे लगेच दिसतात. क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट दिसते का बघा.

'मोशन रेट २४०' वगैरे आकडे पॅनलचे नसतात. पॅनल ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) की १२० चा, तेवढंच विचारा.

सातपुडा_शिरपूर
टीव्ही दुरुस्तीच्या अंगाने लिहितो. आपल्याकडे टीव्ही मरतात ते मुख्यतः चार कारणांनी: जास्त व्होल्टेज, वीज पडणं, उष्णता, आणि आत शिरलेली पाल-झुरळं.

टीव्हीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आतला सप्लाय स्वतःच कमी-जास्त सांभाळतो, त्यामुळे व्होल्टेज १७० ला उतरलं म्हणून टीव्ही जळत नाही. कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. धोका आहे न्यूट्रल तुटण्याचा. वाऱ्या-वादळात लाईनचा न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि तिथला मोठा कॅपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. ४०० एसी आले की डीसी ५६५ पर्यंत जातो. कॅपॅसिटर फुटतो, फ्यूज उडतो, पुष्कळदा मेन बोर्डही जातो.

स्पाइक गार्डची पट्टी इथे उपयोगाची नाही. तिच्यातला एमओव्ही क्षणभराचा झटका गिळतो. मिनिटभर टिकणारं ४०० व्होल्ट आलं तर तो स्वतःच जळतो. लागतो तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या पेटीत बसतो, वरची मर्यादा २६०-२७० ला लावायची आणि परत चालू होण्याची वेळ किमान १ मिनिट ठेवायची. पूर्ण घराला लावला तर फ्रिज, मोटर, पंखे सगळंच वाचतं. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर 'हाय कट-ऑफ' (व्होल्टेज जास्त झालं की वीज तोडणारा) असलेला घ्या, नाहीतर त्याचा उपयोग नाही.

अर्थिंगही तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मोजा. २-३ व्होल्टच्या आत पाहिजे. दहा-पंधरा दाखवत असेल तर काम नीट करून घ्या. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, मग अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पट्टीचा मातीशी संपर्क सुटतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा. पाईपच्या आजूबाजूला मीठ-कोळसा नसेल तर भरून घ्या.

मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. कडकडाट सुरू होण्याआधीच करा. प्लग काढा, आणि केबल किंवा डिशची वायर बॉक्सच्या मागून काढा. गच्चीवरच्या डिशवरून येणारा झटका बॉक्समधून एचडीएमआयने थेट मेन बोर्डावर जातो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राउटरपासून टीव्हीपर्यंत तांब्याची लॅन वायर असेल तर तीही काढा.

तापीकाठ
सातपुडा दादा, हे कोणी दुकानात सांगत नाही. उष्णता आणि कूलरचंही सांगा. टीव्हीची भिंत पश्चिमेची आहे.

सातपुडा_शिरपूर
पश्चिमेची भिंत संध्याकाळी चारपासून रात्रीपर्यंत तापलेली असते, आणि नेमका तेव्हाच टीव्ही चालतो. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. दुसरी भिंत शक्य असेल तर उत्तरेची घ्या, कारण ओट्याचं दार समोर असण्याचा प्रश्नही त्याने सुटेल. शक्य नसेल तर भिंतीला चिकटणारा माउंट नको. मागे किमान २-३ इंच आणि वर-बाजूला ४ इंच मोकळं ठेवा. फर्निचरच्या खोबणीत बंदिस्त करू नका.

कूलरचा झोत टीव्हीवर नको. आपलं पाणी क्षाराचं. ओल्या हवेबरोबर तो क्षार आणि धूळ पॅनलच्या खालच्या कडेला जाऊन बसते. तिथे पॅनलला जोडणाऱ्या पातळ फिती असतात. त्या गंजल्या की पडद्यावर उभ्या रेषा येतात आणि त्यावर दुरुस्ती जवळपास नाहीच, पॅनलच बदलावा लागतो. पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते.

बॅकलाइटचं लक्षात ठेवा. मागचे दिवे पट्ट्यांवर एकामागे एक जोडलेले असतात. एक दिवा गेला की ती माळच बंद, आणि पुष्कळ टीव्ही सगळेच दिवे बंद करतात. आवाज येतो, चित्र नाही. अंधारात पडद्याजवळ मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. आत अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल ठीक, पट्ट्या गेल्या. पट्ट्या बदलणं परवडतं. फक्त पूर्ण संच बदला, एकच दिवा नाही. बाकीचे तेवढेच तापलेले असतात आणि एकेक करून जातात. बदलताना पॅनलची काच उचलावी लागते, ५५ इंचीला दोन माणसं पाहिजेत.

आयुष्य वाढवायचं असेल तर बॅकलाइट १०० वर ठेवू नका. दिवसा ७०, रात्री ४०-५० पुरतो. ही सेटिंग 'ब्राइटनेस' नावाने असेल किंवा 'बॅकलाइट' नावाने, कंपनीप्रमाणे बदलते. जी कमी केल्यावर पूर्ण पडदा मंद होतो ती खरी. शार्पनेस शून्याजवळ आणा, केबलच्या चित्रावर तो वाढवला की कडा फाटतात.

गिरणाकाठ
इन्व्हर्टरचं राहिलं. ५५ इंची टीव्ही साधारण १००-१५० वॅट घेतो, म्हणजे दीड-दोन सीलिंग पंख्यांएवढा. रोज ५ तास धरले तर महिन्याला १५ ते २२ युनिट. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असू द्या. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही चालतो, पण सप्लाय गुणगुणतो आणि साउंडबारमध्ये घरघर येते. मागे 'यूपीएस' मोडचा खटका असतो, तो लावला की लाईट गेल्यावर टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही.

हतनूर
सॉफ्टवेअरबद्दल थोडं. रॅम किमान २ जीबी आणि साठवण १६ जीबी पाहिजे. १ जीबी-८ जीबीचा टीव्ही वर्षभरात रिमोट दाबल्यावर विचार करायला लागतो. टीव्ही चालवणारी सॉफ्टवेअर म्हणजे गूगल टीव्ही, वेबओएस, टायझेन, हे तिन्ही आपापल्या जागी नीट आहेत. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन देत नाहीत, एचडीआर१०+ देतात. याच्यावरून निर्णय फिरवण्याएवढं ते महत्त्वाचं नाही.

बाजारात 'स्मार्ट ४के' नावाने जुळणी केलेले स्वस्त टीव्ही येतात, त्यांची मात्र नीट तपासणी करा. '४के सपोर्टेड' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ४के फाइल चालते. पॅनल १३६६ बाय ७६८ चा असू शकतो. एकेका ठिपक्याच्या काळ्या-पांढऱ्या रेषांचं ३८४० बाय २१६० चं चित्र पेनड्राइव्हवरून लावा. खऱ्या ४केवर जवळ गेल्यावर रेषा सुट्या दिसतात, खोट्यावर राखाडी धब्बा दिसतो. गूगल टीव्ही असेल तर डीआरएम (ओटीटीच्या चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकून वाइडवाइन, म्हणजे गूगलचं ते कुलूप, 'एल१' पातळीचं आहे का बघा. 'एल३' असेल तर पैसे भरूनही ओटीटीचं चित्र साधंच येईल.

मागच्या लेबलवर 'आर-' ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या ब्रँडचा ते दिसतं. लेबलवर तो नसेल किंवा ब्रँड जुळत नसेल तर टीव्ही परत ठेवा.

अनेर
फायबरवर ४के बघायला १५ ते २५ एमबीपीएस पुरतं. जाड भिंतीतून ५ गीगाहर्ट्झ वाय-फाय पोचत नाही, तेव्हा भिंत फोडण्याआधीच लॅनसाठी एक पाईप टाकून घ्या. त्याच पाईपमधून एचडीएमआय जाणार असेल तर पाईप सव्वा इंची तरी हवा, साध्या पाऊण इंचीत टोक अडकतं.

उंचीही आत्ताच ठरवा. दिवाणावर बसल्यावर डोळे जमिनीपासून ३८-४० इंचांवर येतात, पडद्याचा मध्य तिथेच पाहिजे. लोक दाराच्या चौकटीच्या वर लावतात आणि मग मान दुखते. खाली सतरंजीवर बसणारे जास्त असतील तर आणखी ४-५ इंच खाली.

लळिंग
माउंटचं: टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, २०० बाय २००, ३०० बाय ३०० असं काही असतं, त्याच मापाचा माउंट. स्क्रू खोक्यातलेच वापरा. लांब स्क्रू आत जाऊन पॅनलला टोचतो आणि ती वॉरंटीत बसत नाही. विटांच्या भिंतीत भोक प्लास्टर ओलांडून विटेत किमान ५० मिमी गेलं पाहिजे. ड्रिल दोन विटांच्या सांध्यात शिरलं तर गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवतात ती) सैल बसते, जागा बदला. गावाकडच्या मातीच्या किंवा धाब्याच्या घरात भिंतीवर टांगूच नका, टेबल बरं. टेबलाची लांबी मात्र पायांच्या अंतरावरून घ्या, ५५ इंचीचे पाय साडेतीन फुटांपेक्षा जास्त दूर असू शकतात.

तापीकाठ
बठ्ठं ध्यानमा उनं. उत्तरेच्या भिंतीवर, एचडी बॉक्स घेऊन, ५५ इंची. खुर्च्यांचा कोन मोजला, ३० अंशांच्या आत आहे, म्हणून व्हीए. प्रोटेक्टर आणि अर्थिंग आधी. जळगावहून आणायचा की ऑनलाइन?

हतनूर
आधी कंपनीच्या साइटवर तुमचा पिनकोड टाकून सर्व्हिस येते का बघा. कितीतरी ब्रँडचा माणूस फक्त जळगाव-धुळे शहरापुरता येतो. तालुक्याच्या गावाहून टीव्ही तुम्हीच तिकडे न्यायचा असतो. ५५ इंची टीव्ही चोपड्याहून जळगावला दोनदा नेणं म्हणजे पॅनल फुटण्याचा धोका दोनदा. त्यामुळे घरी येणारी सर्व्हिस असेल त्याच ब्रँडमधून निवडा, मग दुकान की ऑनलाइन हे किमतीवर ठरवा.

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरही १८ टक्के आहे, आधी २८ होता. जुन्या स्टॉकची छापील किंमत दाखवून सूट सांगत असतील तर हे लक्षात ठेवा. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर पाहिजे, आणि तो खोक्यावर व टीव्हीच्या मागे तोच आहे का बघा. वाढीव वॉरंटी कंपनीची की तिसऱ्या कोणाची, ते कागदावर वाचा. अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सातपुडा_शिरपूर
आणताना खोकं उभंच. आडवं ठेवलं की रस्त्याच्या खड्ड्यात काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि बाहेरून काही न दिसता आत तडा जातो. पिकअपमध्ये हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून, दोन्ही अंगांना गादी लावून बांधा. दोरी पडद्याच्या मधून नको, कडांवरून.

घरी आल्यावर कंपनीचा माणूस येण्याआधी सील फोडायचं की नाही ते बिलावर बघा, काहींची अट असते. खोलताना सलग व्हिडिओ काढा. उचलताना हात खालच्या कडेला आणि मागे, पडद्यावर बोटं नकोत. लावल्यावर राखाडी, पूर्ण लाल, पूर्ण हिरवं, पूर्ण निळं आणि पूर्ण काळं अशी चित्रं लावून अंधारात बघा, मग सहीची स्लिप द्या. खोकं आणि थर्माकोल परत देण्याची मुदत संपेपर्यंत ठेवा.

मागच्या झडपांवर मच्छरदाणीची जाळी चिकटवू नका, हवा अडते. पाली-झुरळांसाठी टीव्हीमागची भिंत आणि वायरचं भोक बंद ठेवा, पाईपच्या तोंडाला थोडा फोम लावा. पुसायला कोरडं मायक्रोफायबर. काचेचा स्प्रे मारला तर तो खालच्या कडेने आत उतरतो आणि त्याच फिती खराब करतो.